मोनेच्या ‘सूर्योदया’तलं बंदर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लोद मोनेचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ बहुतेकांनी कुठं ना कुठं पाहिलेलं असतं : कॅलेंडरवर, कॉफीच्या मगवर, चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकात. निळसर धुकं, त्यात नारिंगी सूर्य आणि एक होडी, एवढंच सहसा लक्षात राहतं. खरं तर हे चित्र एका गजबजलेल्या व्यापारी बंदराचं आहे, आणि त्याबद्दलच्या बऱ्याच कोड्यांची उत्तरं कलासमीक्षेपेक्षा बंदराच्या रोजच्या व्यवहारात सापडतात.

चित्राची मूळ माहिती थोडक्यात सांगाल का?

फ्रेंच नाव ‘इम्प्रेसियाँ, सोलेय लव्हाँ’. कॅनव्हासवर तैलरंग, उंची 48 सेंटिमीटर, रुंदी 63 सेंटिमीटर. म्हणजे भिंत व्यापणारं वगैरे अजिबात नाही. डाव्या कोपऱ्यात खाली मोनेची सही आणि पुढं ‘72’ हा आकडा. बंदर ल हाव्रचं, उत्तर फ्रान्समधलं. चित्र पॅरिसच्या मार्मोताँ मोने संग्रहालयाच्या मालकीचं आहे.

यात बंदर कुठं आहे? मला धुकं आणि लाल गोळाच दिसतो.

सूर्याकडं पाहणं थोडा वेळ सोडून द्या. डोळ्याला तो ओढून घेतो आणि बाकीचं सगळं विसरायला लावतो.

आधी डावीकडं पाहा. उभ्या, निळ्या-करड्या रेघा दिसतात ना, त्या शिडाच्या मोठ्या जहाजांच्या डोलकाठ्या. त्यांच्यामागं धुरांडी आहेत आणि त्यांतून वर चढणारा धूर. चित्रातलं निम्मं ‘धुकं’ हा असा कोळशाचा धूर आहे, कारण 1872 सालच्या ल हाव्रमध्ये शिडाची जहाजं आणि वाफेवरच्या बोटी एकाच पाण्यात वावरत होत्या. आता उजवीकडं या. तिथं क्रेनचे आणि डोलकाठ्यांचे तिरपे सांगाडे आहेत. हा त्या वेळी बांधकाम चाललेला धक्का. दोन्ही बाजूंच्या मधे, लांबवर, एक मोकळी जागा आहे. ते गोदीत शिरायचं तोंड. त्याच्याबद्दल पुढं तारखेच्या प्रश्नात पुन्हा बोलू, कारण सगळं गुपित तिथंच आहे.

पाण्यावर लहान होड्या आहेत. सगळ्यांत जवळची गडद, तिच्यात एक माणूस उभा आणि एक बसलेला. तिच्यामागं दुसरी, जरा फिकट. तिसरी इतकी विरलेली की पुष्कळांच्या नजरेतून सुटते. या तीन होड्या एका तिरप्या रेषेत मागं मागं जातात, आणि चित्रातली खोली मुख्यतः त्यांच्यामुळं तयार होते. कुठंही रेघ मारून दूर-जवळ दाखवलेलं नाही. फक्त रंग पातळ होत गेला आहे.

एवढं पाहून झालं की चित्रातली शांतता जरा कमी होते. सकाळची पाळी सुरू झालेली आहे, धुरांडी पेटलेली आहेत, माणसं कामाला निघाली आहेत.

ल हाव्र आणि मोने यांचा संबंध काय?

मोनेचा जन्म पॅरिसचा, 14 नोव्हेंबर 1840. पण तो पाचेक वर्षांचा असताना घर ल हाव्रला आलं आणि तो तिथंच वाढला. सेन नदी इंग्लिश खाडीला मिळते तिथलं हे बंदर राजा पहिला फ्रान्स्वा यानं 1517 साली वसवलं. एकोणिसाव्या शतकात कापूस, कॉफी आणि अमेरिकेला निघालेले स्थलांतरित यांच्या जोरावर ते फुगत गेलं. न्यूयॉर्कला नियमित आगबोटी तिथून 1864 मध्ये सुटू लागल्या. मोनेच्या वडिलांचा धंदाही बंदराशीच जोडलेला होता. ते आपल्या नातेवाइकांच्या पेढीत होते, आणि ही पेढी जहाजांना किराणा नि इतर सामान पुरवायची.

शाळकरी वयात मोने गावातल्या प्रतिष्ठितांची व्यंगचित्रं काढून विकायचा. ती पाहून अज़ेन बूदँ नावाच्या चित्रकारानं त्याला उघड्यावर, समुद्राकाठी बसून रंगवायला नेलं. बूदँ स्वतः खलाशाच्या घरातला, आभाळ आणि बंदरं रंगवण्यात पटाईत. मोने पुढं आयुष्यभर सांगत राहिला की आपण चित्रकार झालो ते बूदँमुळं. तेव्हा हे चित्र एखाद्या पर्यटकानं टिपलेलं दृश्य नाही. ज्या धक्क्यावर तो लहानाचा मोठा झाला, तो धक्का आहे.

चित्र धक्क्यावर उभं राहून काढलं का?

नाही. ग्रां के म्हणजे ‘मोठा धक्का’ या रस्त्यावर ओतेल द लामिरोते नावाचं हॉटेल होतं. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून मोनेनं ते पाहिलं. म्हणूनच आपण पाण्याकडं किंचित वरून बघतो. नोव्हेंबरमधल्या पहाटे ल हाव्रच्या वाऱ्यात धक्क्यावर उभं राहायचं म्हणजे बोटं गोठायची. खिडकी निवडण्यात शहाणपण होतं.

चित्र 1872 चं की 1873 चं? आणि 13 नोव्हेंबर 1872 ही तारीख कुठून आली?

सहीपुढं 72 असलं तरी बरीच वर्षं अभ्यासक 1873 कडं झुकलेले होते. मोने कधीकधी नंतर आठवणीवरून साल टाकायचा, हे त्यामागचं एक कारण. वाद मिटवायला 2014 साली मार्मोताँ संग्रहालयानं या एकाच चित्रावर मोठं प्रदर्शन भरवलं, आणि त्यासाठी टेक्सासमधले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांची मदत घेतली.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी जुने नकाशे आणि छायाचित्रं वापरून हॉटेलची जागा पक्की केली. मग त्या खिडकीतून सूर्य कोणत्या दिशेला दिसतो ते मोजलं : आग्नेयेला. सूर्य क्षितिजाच्या जरासाच वर आहे, म्हणजे उगवून वीस ते तीस मिनिटं झालेली. सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो आणि परत फिरतो, त्यामुळं तो नेमका त्या जागी वर्षातून दोनदाच येतो : नोव्हेंबरच्या मध्यावर आणि जानेवारीच्या अखेरीस.

खगोलशास्त्र इथं थांबतं आणि बंदराचं घड्याळ सुरू होतं. ल हाव्रला मोठ्या उधाणात पाणी सुमारे 7 मीटर चढतं-उतरतं. मुंबईपेक्षा हे कितीतरी जास्त. अशा ठिकाणी जहाज उघड्या धक्क्याला बांधून ठेवलं तर ओहोटीला ते चिखलात बसणार. म्हणून आत मोठमोठे हौद खणायचे, त्यांना दरवाजे बसवायचे, भरतीला दरवाजे उघडून जहाजं आत-बाहेर करायची, आणि ओहोटी लागायच्या आत दरवाजे लावून पाणी कोंडून धरायचं. (मुंबईची 1880 सालची प्रिन्सेस डॉक याच तऱ्हेची. तिथंही जहाजं भरतीच्या वेळेलाच आत-बाहेर व्हायची.) बाहेरच्या उथळ भागात मोठी जहाजं फिरू शकायची ती फक्त भरतीच्या आगेमागे, तीन-चार तासांच्या मुदतीत. चित्रात नेमकं तेच आहे. बाहेरच्या पाण्यात मोठी जहाजं दिसतात, गोदीचं तोंड उघडं आहे. म्हणजे सूर्योदय आणि भरती एकाच वेळी आलेली सकाळ हवी.

भरतीचं गणित मागं जाऊन मांडता येतं. त्यानं बरेच दिवस गळाले. उरलेल्या दिवसांचे हवामानाचे अहवाल तपासले. वादळी आणि पावसाळी सकाळी बाद झाल्या. शेवटी धूर कोणत्या बाजूला वाहतोय त्यावरून वाऱ्याची दिशा ताडून पाहिली. उरल्या दोन तारखा : 13 नोव्हेंबर 1872 आणि 25 जानेवारी 1873. आणि सहीपुढं मोनेनं स्वतः 72 लिहिलेलं असल्यामुळं पहिली तारीख निवडली गेली, वेळ सकाळी साडेसातच्या सुमाराची.

ती बरोबर असेल तर दुसऱ्या दिवशी मोने 32 वर्षांचा झाला. शंभर टक्के सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही, कारण सगळं गणित मोनेनं डोळ्यांपुढचं प्रामाणिकपणे रंगवलं या गृहीतकावर उभं आहे. पण जे चित्र ‘अस्पष्ट’ म्हणून हिणवलं गेलं, त्यातून सूर्याची दिशा, भरतीची वेळ आणि वारा वाचता आला, ही गोष्ट मला फार आवडते.

हा सूर्यास्त तर नाही?

नाही. खिडकी आग्नेयेला उघडत होती, तिथून मावळता सूर्य दिसणं शक्य नाही. गोंधळ मात्र जुना आहे. 1878 च्या लिलावात हे चित्र चक्क ‘सूर्यास्त’ म्हणून विकलं गेलं.

सूर्य थरथरल्यासारखा का वाटतो?

मोबाइलवर चित्र उघडा आणि कृष्णधवल फिल्टर लावा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो.

कारण असं की मोनेनं सूर्याचा रंग पूर्ण वेगळा घेतला, पण उजळपणा मागच्या करड्या आभाळाइतकाच ठेवला. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी हे समजावून सांगितलं आहे. आपल्या मेंदूत ‘हे काय आहे’ हे रंगावरून ओळखणारी यंत्रणा वेगळी आणि ‘ते कुठं आहे’ हे उजेड-अंधारावरून ठरवणारी वेगळी. पहिलीला सूर्य लख्ख दिसतो, दुसरीला तो सापडतच नाही. त्यामुळं तो जागेवर ठरत नाही, हलल्यासारखा होतो. खरा सूर्य भोवतीच्या आभाळापेक्षा नेहमीच उजळ असतो, तेव्हा मोनेनं वास्तव सोडून परिणाम पकडला. त्याला मेंदूचं शास्त्र ठाऊक नव्हतं. डोळा पक्का होता.

चित्र अर्धवट सोडलंय असं वाटतं. किती वेळात काढलं असेल?

वेळेची नोंद नाही, पण हात भरभर चाललाय हे उघड आहे. पार्श्वभूमीचा रंग पातळ, जवळजवळ धुतल्यासारखा. पाण्यावर आडवे तुटक फटकारे. सूर्याच्या प्रतिबिंबाचे नारिंगी तुकडे मात्र जाड, वरून ठेवलेले. असा उजेड काही मिनिटांतच बदलतो, तेव्हा रेंगाळायला सवडच नव्हती. धातूच्या नळीतले तयार रंग 1841 पासून मिळू लागले होते. त्यांच्याशिवाय हॉटेलच्या खोलीत असं झटपट काम करणं कठीण गेलं असतं.

त्या काळच्या रिवाजानं बघितलं तर हे खरंच ‘पूर्ण’ चित्र नव्हे. चित्रकार अशी टिपणं करायचे आणि त्यांवरून स्टुडिओत मोठं, गुळगुळीत चित्र बनवायचे. मोनेनं टिपणच चौकटीत घालून भिंतीवर टांगलं.

‘इम्प्रेशनिझम’ हे नाव या चित्रावरून पडलं हे खरं का?

बऱ्याच अंशी. ‘सालोन’ या सरकारी कलाप्रदर्शनाच्या निवड समितीला कंटाळून मोने, दगा, रन्वार, पिसारो, सिस्ले, बेर्त मोरिझो, सेझान वगैरे तीसेक चित्रकारांनी स्वतःची संस्था काढली. 15 एप्रिल ते 15 मे 1874 या काळात पॅरिसच्या बुल्व्हार दे कापुसीनवर, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत त्यांनी प्रदर्शन भरवलं. बूदँही त्यात होता. प्रवेश एक फ्रँक.

यादी बनवायचं काम रन्वारचा भाऊ एदमाँ याच्याकडं होतं. या चित्राला नाव काय द्यायचं असं विचारल्यावर, हे काही ल हाव्रचं दृश्य म्हणून खपणार नाही, तेव्हा ‘इम्प्रेशन’ लिहा, असं आपण सांगितल्याची आठवण मोनेनं 1898 मध्ये एका मुलाखतीत सांगितली. 25 एप्रिलला ‘ल शारिव्हारी’ या विनोदी नियतकालिकात लुई लरुआनं प्रदर्शनाची खिल्ली उडवणारा लेख लिहिला आणि मथळ्यात ‘इम्प्रेशनिस्टांचं प्रदर्शन’ असा शब्द वापरला. भिंतीला चिकटवायचा कागद अर्धवट छापलेला असतानाही या समुद्रदृश्यापेक्षा जास्त पूर्ण असतो, हा त्यातला टोमणा प्रसिद्ध आहे.

पण ‘टीकाकारानं शिवी दिली आणि चित्रकारांनी ती मिरवली’ ही गोष्ट जितकी गोड तितकी पूर्ण नाही. चार दिवसांनी कास्तान्यारी या समीक्षकानं तोच शब्द गंभीरपणे, बऱ्यापैकी सहानुभूतीनं वापरला. हे लोक भूदृश्य रंगवत नाहीत, भूदृश्यानं मनावर उमटवलेला ठसा रंगवतात, असा त्याचा मुद्दा होता. आणि चित्रकारांच्या बोलण्यात ‘इम्प्रेशन’ हा शब्द आधीपासून होताच. मराठीत या संप्रदायाला ‘दृक्‌प्रत्ययवाद’ म्हणतात. विश्वकोशात शोधायचं असेल तर त्या नावानं शोधा.

या चित्रावरून पॅरिसमध्ये मोठा गदारोळ झाला होता ना?

नाही. प्रदर्शनाला महिन्याभरात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं आली, आणि या चित्राचा नाव घेऊन उल्लेख करणारे समीक्षक अगदी मोजके होते. सगळ्यांनाच तुडवलं असंही नाही, काही परीक्षणं चांगली होती. फटका बसला तो पैशात. हिशेब केला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या नावे 184 फ्रँक 50 सांतीम देणं निघालं आणि वर्षअखेरीला संस्था गुंडाळली गेली. हे चित्र आज वाटतं तितकं नामांकित व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं.

तेव्हा ते कुणी विकत घेतलं? आज किंमत किती?

कापडाचा व्यापारी एर्नेस्त ओशदे यानं 1874 मध्येच 800 फ्रँकना घेतलं. पुढं त्याचं दिवाळं निघालं आणि 1878 च्या लिलावात ते 210 फ्रँकना गेलं. (ओशदे कुटुंब त्याच सुमाराला मोनेच्या घरात राहायला आलं. ओशदे वारल्यावर त्याची बायको आलीस हिच्याशी मोनेनं 1892 मध्ये लग्न केलं. पण तो वेगळ्याच लेखाचा विषय.)

लिलावात घेणारा होता झोर्झ द बेल्यो, मूळचा रुमानियाचा, पेशानं होमिओपॅथ. तो या मंडळींना औषधं द्यायचा आणि अडीनडीला चित्रं विकत घेऊन पैसेही. 1894 मध्ये तो वारल्यावर चित्र मुलगी व्हिक्तोरीनकडं आलं, आणि तिनं ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला मार्मोताँ संग्रहालयाला दिलं.

संग्रहालयाचं असल्यामुळं बाजारभाव असा नाही. अंदाजापुरतं सांगायचं तर मोनेचं गवताच्या गंजींचं एक चित्र 2019 मध्ये 11 कोटी डॉलरच्या वर गेलं.

ते चोरीला गेलं होतं का?

हो. ऑक्टोबर 1985 मध्ये भरदिवसा, संग्रहालय उघडं असताना, सशस्त्र चोरांनी पहारेकऱ्यांना आणि प्रेक्षकांना धाक दाखवून नऊ चित्रं पळवली. त्यांत हे होतं. इतकं ओळखीचं चित्र विकणार कुणाला, हा प्रश्न चोरांना बहुधा नंतर पडला असावा. 1990 च्या डिसेंबरमध्ये कोर्सिका बेटावर सगळी चित्रं सापडली.

या चित्रात देशप्रेम आहे असं वाचलं. ते कसं?

प्रशियाबरोबरच्या 1870-71 च्या युद्धात फ्रान्स हरला. आल्सेस आणि लोरेनचा मोठा भाग गेला, वर 5 अब्ज फ्रँकची खंडणी. तेव्हा धुरांडी, क्रेन आणि नवा धक्का रंगवणं म्हणजे पुन्हा उभ्या राहणाऱ्या फ्रान्सचं चित्र, असं काही इतिहासकार मांडतात. मला हा अर्थ ताणलेला वाटतो. मोने स्वतः युद्धाच्या काळात लंडनला निघून गेला होता. पण एक गोष्ट त्या मांडणीतून घेण्याजोगी आहे : त्याला जुनं, रमणीय बंदर रंगवता आलं असतं, आणि त्यानं बांधकाम चाललेलं निवडलं.

लंडनमध्ये पाहिलेल्या टर्नर या इंग्लिश चित्रकाराचा परिणाम आहे का?

टर्नरची चित्रं त्यानं तिथं पाहिली, टेम्सवरचं धुकंही रंगवलं. उतारवयात मात्र तो टर्नरचं ऋण कमीच सांगायचा. चित्रं शेजारी ठेवून पाहिली की त्याच्या म्हणण्यावर विश्वास बसत नाही.

ते बंदर आज पाहता येतं का?

मोनेला दिसलं तसं नाही. सप्टेंबर 1944 मध्ये दोस्तराष्ट्रांच्या बाँबफेकीत ल हाव्रचा मध्यभाग जमीनदोस्त झाला. हॉटेलही गेलं. पुढं ओग्युस्त पेरे या वास्तुकारानं काँक्रीटमध्ये नवं शहर उभारलं, आणि 2005 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, पण प्रत्यक्ष गेल्यावर ते काँक्रीट समुद्राच्या उजेडात छान दिसतं.

पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून थेट गाड्या आहेत, दोन तासांहून थोडा जास्त प्रवास. बंदराच्या तोंडाशीच ‘मुमा’ हे कलासंग्रहालय आहे. तिथं बूदँचा फार मोठा संग्रह आहे आणि काचेतून जहाजांची ये-जा दिसते. मूळ चित्रासाठी मात्र पॅरिसमध्येच थांबायचं : मेट्रोचं ला म्युएत स्थानक, तिथून थोडं चालत. संग्रहालय सोमवारी बंद. चित्र अधूनमधून बाहेरगावी जातं (2024 मध्ये ते आधी पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आणि मग वॉशिंग्टनला होतं), म्हणून तिकीट काढण्याआधी ते जागेवर आहे ना ते पाहून घ्या.

धुक्याविना, खरोखर गर्दीचं बंदर बघायचं असेल तर?

मोनेचंच ‘ल ग्रां के’ पाहा, 1874 चं, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. तेच गाव, पण माणसं, गाड्या, डोलकाठ्या यांची दाटी. ल हाव्रच्या ‘बासँ द्यु कोमेर्स’ या गोदीचं चित्र बेल्जियममधल्या लिएजला आहे. एदुआर माने (मोने नव्हे, दुसरा चित्रकार) याचं 1871 चं ‘बोर्दोचं बंदर’ माझ्या विशेष आवडीचं : पॅरिसचा वेढा सोसून बाहेर पडलेल्या माणसानं खिडकीतून पाहिलेला डोलकाठ्यांचा काळा गुंता. आणि कामिय पिसारोनं 1896 मध्ये रूआँच्या नदीबंदराची जी मालिका केली, तिच्यात पूल, क्रेन, पाऊस आणि धूर सगळं मिळेल.

घरात लावायला प्रत घ्यायचीय. काय बघावं?

सूर्य. बाजारातल्या बहुतेक प्रतींत तो लालभडक आणि भोवतीपेक्षा उजळ छापतात, मग वर सांगितलेली थरथर संपते. आभाळ करडं-जांभळट हवं, शाईसारखं निळं नको. तिसरी होडी दिसते का पाहा. नसेल तर छपाई गडद झाली आहे. आणि आकार शक्यतो मूळचाच, 48 बाय 63 ठेवा. सोफ्यामागची अख्खी भिंत भरायला हे चित्र ताणलं की पातळ फटकारे नुसते डाग दिसू लागतात.